मागच्या नानांना, मनापासून

नाना,

समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही मला दोन वाक्यंही पुरी करू दिली नसती. 'बरं बरं, चहा घे' म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्यावर माया करणारा मी एकटा नाही. लाईनीवर उभं राहून तुमचा फुटबॉल बघितलेली नाशिकरोडची दोन पिढ्यांची पोरं आहेत. त्यांना हे कळायला हवं.

काल संध्याकाळी माझी लेक अकरा महिन्यांनी मैदानात उतरली. शेवटची वीस मिनिटं. उजव्या कडेवरून गोलसमोर आलेला पहिलाच क्रॉस तिने डोक्याने बाहेर काढला, तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हतो. गोलच्या मागे जाळी धरून उभ्या असलेल्या तुमच्याकडे बघत होतो. तुमचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आयुष्यभर मैदान डोक्यावर घेतलेला माणूस काल गप्प उभा होता. ओरडत होती ती. 'वर! वर! होल्ड!' अगदी तुमच्यासारखं, शेवटचं अक्षर ओढून. घरी येईपर्यंत मला धड बोलता आलं नाही.

ज्यांनी नानांना खेळताना पाहिलं नाही त्यांना सांगतो. नाना आपल्या क्लबचे स्टॉपर होते, म्हणजे गोलसमोरच्या बचावफळीत मधोमध खेळणारे. पोरं त्यांना 'मागचे नाना' म्हणायची, कारण कॉर्नर सोडला तर ते अर्ध्या मैदानाच्या पुढे कधी दिसायचे नाहीत. त्यांचे गोल मोजायला एका हाताची बोटं जास्त होतील. पण त्यांचा आवाज! गोलकीपर सोडला तर अख्खं मैदान समोर दिसतं ते स्टॉपरलाच. पुढच्यांच्या पाठीमागे काय चाललंय ते त्यानेच बघायचं आणि त्यानेच सांगायचं. 'मॅन ऑन!' 'टाईम आहे, वळ!' 'सोड, माझा!' डिसेंबरच्या सकाळी गवतावर दहिवर असायचं, आम्ही मफलर गुंडाळून उभे असायचो आणि मैदान दिसायच्या आधी नानांचा आवाज ऐकू यायचा. त्यांनी 'वर' म्हटलं की मागचे चौघे एका दमात दोन पावलं पुढे यायचे आणि समोरचा फॉरवर्ड एकटा मागे राहून ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे, सापडायचा आणि लाईन्समनच्या वर गेलेल्या झेंड्याकडे बघत बसायचा. त्या झेंड्यावर आम्ही गोल झाल्यासारखे नाचायचो.

मॅच संपली की नानांचं एक ठरलेलं असायचं. नव्वद मिनिटं ज्या फॉरवर्डला मोकळा श्वास घेऊ दिला नाही, त्यालाच खांद्यावर हात टाकून मिसळ खायला न्यायचे. हरलो तरी. तेव्हा आम्हाला ती नानांची लहर वाटायची.

नाना, मुंबईच्या कूपरेज मैदानाची ट्रिप आठवते? महिंद्राच्या सातपूरच्या कारखान्यामुळे आपल्याकडे महिंद्रा युनायटेड या फुटबॉल क्लबवर जरा जास्तच जीव होता. २००५-०६ च्या मोसमात त्यांनी फेडरेशन कपही घेतला आणि राष्ट्रीय लीगही. डेरिक परेरा त्यांचे कोच, स्वतः भारताकडून खेळलेले डिफेंडर, याचा तुम्हाला कोण अभिमान. आपण सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेलो होतो. आम्ही सगळे त्यांच्या बरेटो आणि याकुबू या फॉरवर्डकडे बघत होतो आणि तुम्ही मागून आमच्या माना वळवत होतात : 'चेंडू काय बघता, मागच्या चौघांमधलं अंतर बघा.' २०१० ला तो क्लब बंद झाला तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखे तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हतात.

आता जे झालं त्याबद्दल.

लेक ज्या अ‍ॅकॅडमीत जायची तिचं नाव लिहीत नाही. फी मोठी होती, टर्फ हिरवंगार होतं, भिंतीवर मोठमोठ्या खेळाडूंची चित्रं होती. त्या दिवशी वळताना पोरगी एकटीच पडली. कुणाचा धक्का नाही, काही नाही. गुडघ्यात 'कट्' झालेलं तिने स्वतः ऐकलं. तिथल्या सरांनी स्प्रे मारला. 'लचकलंय नुसतं, ऊठ' म्हणाले आणि तिला परत खेळायला लावलं. ती आणखी आठ मिनिटं खेळली. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट, तुटलेल्या पायावर! मुलींमध्ये हे लिगामेंट मुलांपेक्षा दोन-तीन पटीने जास्त तुटतं आणि पुष्कळदा असं कुणाचा धक्का न लागताच तुटतं, हे मला नंतर कळलं. मी प्रेसमध्ये शिफ्ट करणारा माणूस, मला ते माहीत नसणं समजू शकतो. मुलींना फुटबॉल शिकवण्याचे पैसे घेणाऱ्यांना ते माहीत असायला हवं होतं.

पण त्याहून मोठं दुखणं पुढे होतं. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या आठवड्यात तिला टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं. फोन नाही, निरोप नाही. रात्री अकराला तिने मला फोन दाखवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. नातेवाईक म्हणाले, बरं झालं, मुलीची जात, सुटली एकदाची. एक डॉक्टरही जवळपास तेच म्हणाले. पोरीने बूट माळ्यावर टाकायला लावले.

तुम्हाला कुणी सांगितलं मला माहीत नाही. तुम्ही आलात, गुडघ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत. 'उद्या साडेपाचला मैदानावर ये' एवढंच म्हणालात. मी म्हटलं, नाना, कुबड्यांवर आहे ती. तुम्ही म्हणालात, 'मग रिक्षाने आण.'

दुसऱ्या दिवशी चौदा पोरी उभ्या होत्या. तुम्ही बिब, म्हणजे सरावात दोन बाजू ओळखायला अंगावर चढवायच्या बंड्या, वाटत निघालात. सात जणींना नारिंगी. आणि मग सरळ चालत कट्ट्यापाशी आलात, जिथे माझी लेक कुबड्या शेजारी ठेवून मान खाली घालून बसली होती, आणि आठवा बिब तिच्या मांडीवर ठेवलात. 'घाल. आज आपण पंधरा.' ती म्हणाली, 'नाना, मी खेळू शकत नाही.' तुम्ही म्हणालात, 'पाय खेळू शकत नाही. तोंड आहे ना?' खुर्ची उचलून गोलच्या मागे ठेवलीत आणि तिला तिथून मागची लाईन चालवायला लावलीत.

पहिल्या दिवशी तिचा आवाज फुटत नव्हता. आठवड्याने फुटला. महिन्याने पोरी तिच्या 'वर'वर सरकायला लागल्या. ब्रेस निघाली, कुबड्या गेल्या, व्यायाम सुरू झाला, ते सगळं डॉक्टर आणि फिजिओथेरपीच्या ताईंचं काम, त्यांनी ते जीव ओतून केलं. पण इतक्या महिन्यांत एकही सराव असा गेला नाही की बिब वाटताना तुम्ही तिला विसरलात. पाऊस असो, पोरी दहाच आलेल्या असोत. नानांच्या मोजणीत माझी लेक होती.

मधे तिला घाई झाली होती. सहाव्या महिन्यात म्हणाली, भारताचे डिफेंडर जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना १९६२ ची एशियाडची फायनल खेळले, गोल मारला, भारताला सोनं मिळालं, मग मी का थांबू? तुम्हीच कधीतरी सांगितलेली गोष्ट तुमच्यावरच उलटवली तिने. तुम्ही म्हणालात, 'जर्नेल सिंगांची फायनल जकार्ताला होती. तुझी जेलरोडला आहे, ती कुठे जात नाही. थांब.' नऊ महिन्यांच्या आत परतलं तर गुडघा पुन्हा जायचा धोका बराच वाढतो, हे मी तिला दहा वेळा सांगून झालं होतं. ऐकलं तिने तुमचं.

त्याच दिवशी तुम्ही तिला पुयोलची गोष्ट सांगितलीत. २०११ च्या मार्चमध्ये बार्सिलोनाच्या अबिदाल या डिफेंडरच्या यकृताची गाठ काढली आणि मे महिन्यात तो वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगची फायनल पूर्ण खेळला. बार्सिलोना ३-१ ने जिंकली. कप उचलायचा मान कर्णधार पुयोलचा. त्याने दंडावरची पट्टी अबिदालला दिली आणि म्हणाला, तू उचल. सांगताना तुमचा गळा दाटून आला होता. लेकीने घरी येऊन तो व्हिडिओ मला चार वेळा दाखवला. मला मात्र सारखा तुमचा तो आठवा बिब दिसत होता. आणि कितीतरी वर्षांनी ती मिसळही समजली.

त्या अ‍ॅकॅडमीवर मी बराच काळ चिडून होतो. तक्रार लिहून ठेवली होती. काल रात्री ती फाडली, कारण रागासाठी जागाच उरली नाही, सगळी तुम्ही व्यापलीत. चांगुलपणाला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही, हे आपण उगाच बोलत असतो. तुम्ही ते साडेपाचच्या उन्हात, शिट्टी गळ्यात अडकवून, रोज करून दाखवलंत आणि त्याला कधी काही नाव दिलं नाहीत.

एक राहिलं. तो नारिंगी बिब आमच्याकडेच आहे. धुऊन, घडी करून कपाटात. मी म्हटलं, क्लबची वस्तू आहे, परत करू. लेक द्यायला तयार नाही. रविवारी मी नवा घेऊन येतो, तेवढा हिशेबात धरा.

तुमचा,
लाईनीवरचा एक जुना प्रेक्षक, आणि पंधराव्या पोरीचा बाप