चौथ्यांदा उलटवण्याआधी माझा हात धरणाऱ्या संपादकांस

सप्रेम नमस्कार,

तुमचं सदस्यनाव इथे लिहीत नाही. आपली गाठ पडली ती इंग्रजी विकिपीडियावरच्या एका लेखावर. बोलणं सगळं इंग्रजीत झालं आणि तुम्ही कुठले, बाई की बुवा, हे विचारायची वेळच आली नाही. परवा सहज तुमच्या सदस्य पानावर डोकावले, तर भाषांच्या चौकटीत पहिलीच ओळ मराठीची. मातृभाषा म्हणून! म्हणजे ज्या माणसाला मी शब्दकोश उघडून उघडून ‘मी भांडत नाहीये’ हे इंग्रजीत पटवत होते, त्याच्याशी सरळ मराठीत भांडता आलं असतं.

लेखाच्या इतिहासात प्रत्येक संपादनाशेजारी आभार मानायचा दुवा असतो. तो मी तेव्हाच दाबला होता. पण त्यातून तुम्हाला एवढंच कळलं असणार की अमक्या सदस्याने अमक्या संपादनाबद्दल आभार मानले. नेमकं कशाबद्दल, ते आता आपल्या भाषेत सांगते.

मी हिशेबनीस. दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांतली रुपया-दोन रुपयांची तफावत शोधायची, हा धंदा. मुलगी रोलर स्केटिंगला जायची तेव्हा बाहेर बाकावर बसून मोबाइलवर बर्फावरच्या स्केटिंगची क्लिप बघायला लागले आणि त्यातच अडकले. मुलीने स्केट्स माळ्यावर टाकले, मी मात्र अजून सुटले नाही. आता उडी कुठल्या कडेवरून घेतली ते ओळखता येतं. ॲक्सेल तेवढी सोपी, ती एकटीच पुढे तोंड करून मारतात.

तर बीजिंग २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधली फिगर स्केटिंगची सांघिक स्पर्धा. रशियन ऑलिंपिक समितीचा संघ ७४ गुणांनी पहिला, अमेरिका ६५, जपान ६३, कॅनडा ५३. स्पर्धा ७ फेब्रुवारीला संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्या रशियन संघातल्या कामिला वालियेवाच्या उत्तेजक चाचणीच्या नमुन्याचा अहवाल आला. २५ डिसेंबर २०२१ ला रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेला नमुना, त्यात ट्रायमेटाझिडीन, खेळाडूंना बंदी असलेलं हृदयविकाराचं औषध. पदकांचा सोहळा थांबला तो थांबलाच. क्रीडा लवादाचा निकाल २९ जानेवारी २०२४ ला लागला, चार वर्षांची बंदी. लगेच आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवे निकाल लावले. पहिल्याला दहा गुण, मग एकेक कमी; वालियेवा महिलांच्या दोन्ही फेऱ्यांत पहिली होती, म्हणजे दहा आणि दहा. हे वीस गुण वजा करून रशियाचे उरले ५४. अमेरिकेला सुवर्ण, जपानला रौप्य, रशियाला कांस्य. कॅनडा एका गुणाने चौथा.

एका गुणाने! हिशेबनिसाला झोप लागेल का?

स्केटिंग संघटनेचा नियम ३५३ मी वाचला होता. स्पर्धक बाद झाला की त्याच्या मागचे एकेक क्रमांक वर सरकतात. कॅनडाची मॅडलिन स्किझस लघु आणि मुक्त, दोन्ही प्रकारांत तिसरी होती. ती दुसरी झाली की आठाचे नऊ, दोनदा. कॅनडा ५५, रशिया ५४. मी वही काढली, सगळे संघ वर सरकवले, अमेरिका ६७, जपान ६५ अशी बेरीज दोनदा ताडून पाहिली आणि लेखातला तक्ता बदलून टाकला. कॅनडा तिसरा. संपादनाच्या सारांशाच्या चौकटीत लिहिलं, ‘बेरीज दुरुस्त केली’. त्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते.

वीस मिनिटांत कुणीतरी ते उलटवलं, म्हणजे माझा बदल काढून तक्ता पहिल्यासारखा केला. मी परत घातलं. त्याने परत उलटवलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, चहा गार झाला होता, आणि हा इसम रशियाचा कट्टर चाहता असणार हे माझं ठरून गेलं होतं. त्याच्या चर्चा पानावर तसं लिहूनही आले. (नंतर त्याची योगदानं चाळली, तर निम्मी नेथन चेन या अमेरिकन स्केटरच्या लेखावर. हा इसम अमेरिकेच्या बाजूचा निघाला!)

चौथ्यांदा कळ दाबणार, तेवढ्यात माझ्या चर्चा पानावर तुमचा निरोप आला. त्यात दटावणी नव्हती की इशाऱ्याच्या ठरीव साच्यातला लाल हातही नव्हता. साधारण असं होतं: चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंत तर प्रचालक (विकिपीडियाची व्यवस्था बघणारे सदस्य) तुम्हाला संपादन करण्यापासून रोखतील, मग तुमचं गणित बरोबर असो की चूक. तुमचं गणित मी तपासलं, बरोबर आहे. आता ते बाजूला ठेवून लेखाच्या चर्चा पानावर या.

‘मी तपासलं, बरोबर आहे.’ या वाक्यासाठी हे पत्र आहे असं म्हटलं तरी चालेल. चुकीच्या माणसाला समजावायला दहाजण येतात. आकडे बरोबर आणि वागणं चूक, अशा माणसाला कुणी आधी आकड्यांचं श्रेय देत नाही. तुम्ही दिलंत, म्हणून पुढचं ऐकायला मी जागेवर राहिले.

चर्चा पानावर तुम्ही आम्हा दोघांना जे करायला लावलंत ते मी ऑफिसात दोनदा वापरलंय. आपली बाजू मांडायची नाही, समोरच्याची तीन ओळींत लिहायची, आणि ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं त्याने म्हणेपर्यंत पुन्हा लिहायची. माझा पहिला प्रयत्न त्याने नाकारला. दुसराही. तिसऱ्या खेपेला मी लिहिलं: निकाल लावणं हे संघटनेचं काम आहे. तिने कांस्य रशियाला दिलंय. ते चूक असेल तर लवाद बदलेल, तोवर विश्वकोशाने स्वतःचा निकाल लावू नये. हे माझ्याच बोटांनी टंकल्यावर माझी हवाच गेली. वहीतली बेरीज कितीही चोख असली तरी ती कुठल्याच अधिकृत निकालात नव्हती. ती माझी होती. विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही, हा नियम मीच दुसऱ्या लेखांवर लोकांना ऐकवलेला.

त्याने माझी बाजू पहिल्याच झटक्यात लिहिली, तीही माझ्यापेक्षा नीट. हे मला जरा जास्तच लागलं.

मग तुम्ही विचारलंत, कॅनडाचा आक्षेप आहे ही बातमी नव्हे का? होतीच. तोडगा तिथून निघाला. तक्ता संघटनेच्या निकालाप्रमाणे राहिला, रशिया ५४, कॅनडा ५३. खाली गद्यात एक परिच्छेद आला: नियम ३५३ कडे बोट दाखवून कॅनडाने हरकत घेतली आहे, कुणी, कधी, कुठल्या बातमीत. माझे ५५ गुण तक्त्यातून गेले, पण लेखातून ‘कॅनडाचं म्हणणं’ पुसलं गेलं नाही. शेवटची वाक्यरचना त्या चेनभक्ताने केली. मी फक्त एक स्वल्पविराम हलवला.

ऑगस्टच्या सुरुवातीला लवादाने कॅनडाचं अपील फेटाळलं, तेव्हा त्या परिच्छेदात एका वाक्याची भर पडली. तक्त्याला कुणाला हात लावावा लागला नाही. ७ ऑगस्टला पॅरिसमध्ये, आयफेल टॉवरसमोर, अमेरिका आणि जपानच्या स्केटरांच्या गळ्यात अडीच वर्षं उशिराने पदकं पडली. हिवाळी खेळांची पदकं, भर उन्हाळी ऑलिंपिकमध्ये. मी ते मोबाइलवर बघत होते आणि खरं सांगायचं तर अजूनही मला वाटतं की कांस्य स्किझसच्या संघाचं होतं. हे इथे लिहिते, लेखात लिहीत नाही.

‘लेडीज’ की ‘विमेन’ या वादात तुम्ही मला पडूच दिलं नाहीत, त्याचे वेगळे आभार. संघटनेने २०२१ मध्ये शब्द बदलला आणि जुन्या स्पर्धांच्या लेखांचं काय करायचं यावर लोक हमरीतुमरीवर आले होते. मी बाह्या सरसावून निघाले होते. तुम्ही एकच ओळ लिहिलीत: ‘झोप झाली का?’

आता कामाचं. मराठी विकिपीडियावर माझ्या धूळपाटीवर (कच्च्या लिखाणाच्या पानावर) सांघिक स्पर्धेचा लेख अर्धा लिहून ठेवलाय. ‘शॉर्ट प्रोग्राम’ला मी लघु कार्यक्रम म्हटलंय. वाचताना शाळेचं स्नेहसंमेलन वाटतं, पण दुसरं सुचत नाही. ‘आइस डान्स’ला कुणीतरी हिमनृत्य सुचवणार, मी ते उलटवणार, आणि चावडीवर, म्हणजे तिथल्या सामायिक चर्चेच्या पानावर, पुन्हा सगळं सुरू होणार. तुमची मातृभाषा कुठली ते मला आता माहीत आहे. तेव्हा याच. मी तिसऱ्या उलटवण्यापर्यंत वाट बघेन.

आपली,
वही घेऊन बसलेली हिशेबनीस