चाळीस-पंधरा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "मन एकाग्र करायला हवं होतंस," आणि मी चिडून फोन ठेवला. म्हणून हे पत्र.

टेनिसचा तिसरा सेट, ५-३, ४०-१५, सर्व्हिस माझी. एक पॉइंट मिळाला की मॅच माझी, आणि संधी दोन. क्लबातल्या मॅचचं कसलं आलंय दडपण, असं आई म्हणेल. पण हात आखडला तो आखडलाच. मन भरकटलं नव्हतं गं आई. उलट एकाच गोष्टीला चिकटून बसलं होतं: जिंकले की तुम्हाला फोन करायचा! टॉस करताना बोटं आवळली, चेंडू पुरेसा वर गेलाच नाही. डबल फॉल्ट: दोन्ही सर्व्हिस चुकल्या, पॉइंट गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

१४ जुलै २०१९ आठवतो? लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल, तिकडे विम्बल्डनची, आणि रिमोट बाबांच्या हातात. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७, आणि हाच स्कोअर, ४०-१५! आई हात जोडून बसली होती. दोन्ही पॉइंट गेले. अख्ख्या मॅचमध्ये पॉइंट फेडररचे २१८, जोकोविचचे २०४, तरी कप जोकोविचचा. बरोबरीत अडकलेला सेट ठरवणारे तिन्ही टायब्रेक त्याने घेतले. लोक 'रॉजर, रॉजर' ओरडत होते, ते आपण 'नोवाक' असं ऐकत होतो, असं तो नंतर म्हणाला. बाबा, तुम्ही त्याला नाटकी म्हणालात. मला मात्र ते पटलं. कान बंद होत नसतात, मग ऐकू येतंय तेच कामाला लावलं पठ्ठ्यानं.

मोठ्या स्पर्धांत दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद मिळतात. तेवढ्यात 'एकाग्र हो' म्हणून काही होत नाही, हातापायांना काम द्यावं लागतं. मी पाठ फिरवून टॉवेलपर्यंत जाते, रॅकेटच्या तारा सरळ करते, सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवते, चेंडू चारदा आपटते. रविवारी यातलं काहीच केलं नाही. तशीच रेषेवर जाऊन उभी राहिले, कधी एकदा संपतंय असं झालं होतं.

पुढच्या महिन्यात मॅच बघायला याच. फक्त बाबा, माझा पॉइंट गेला की कपाळावर हात मारायचा नाही. बारा वर्षांची होते तेव्हापासून मी आधी तुमचा हात बघते, मग स्कोअर. आईचा जप चालेल.

मॅच सकाळी सातची आहे, आदल्या रात्रीच या. आई, येताना गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस, पायऱ्या उंच आहेत.

तुमची,
चिमी