वारसा ठरायला शंभरी कशाला भरायला हवी?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पणजीतल्या कला अकादमीवर, म्हणजे गोवा सरकारच्या नाट्यगृह-संकुलावर, गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकांचे पत्र आले होते. चाळीस वर्षांच्या काँक्रिटच्या इमारतीला वारसा म्हणणे हे शहरी मंडळींचे चोचले आहेत, आपला खरा वारसा म्हणजे तांबडी सुर्लाचे देऊळ, मंगेशी-म्हार्दोळ आणि जुन्या गोव्यातली चर्चेस, असा त्यांचा सूर होता. त्यांचा वैताग मला कळतो. नाटकवाले, भजनी मंडळे, तियात्रिस्त (कोकणी तियात्र करणारे कलाकार), सगळेच अकादमीच्या दुरुस्तीच्या काळात हॉलसाठी वणवण फिरले. 17 जुलै 2023 रोजी खुल्या रंगमंचाचे छत कोसळले तेव्हा ‘एकदाची पाडा आणि नवी बांधा’ असे अनेकांच्या तोंडी आले. पण त्या वाचकांनी वयाचा जो मुद्दा काढला आहे, तो नेमका सरकारी कचेऱ्यांनाही सोयीचा आहे. म्हणून हे पत्र.

1958 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एखादी वास्तू प्राचीन स्मारक ठरायला निदान 100 वर्षे जुनी असावी लागते. कला अकादमी पुरी झाली 1983 मध्ये. म्हणजे तिची पाळी 2083 मध्ये. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारचा, संमोहनविद्येचे गोमंतकीय अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा 1945 चा. तो करणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत आपल्या मडकईचे. त्यालाही अजून थांबावे लागेल. दिल्लीच्या प्रगती मैदानावर 1972 मध्ये वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभारला होता. एवढा मोठा त्रिमितीय सांगाडा आणि तोही हातांनी ओतलेल्या काँक्रिटचा, असे काम जगात फारसे कुठे झालेले नाही. तो वाचवण्यासाठी वास्तुविशारद धावाधाव करत असताना, इमारतीला साठ वर्षे झालेली नाहीत, हे कारण पुढे आले. एप्रिल 2017 मध्ये रातोरात पाडकाम झाले. साठ भरायला पंधरा वर्षे कमी पडली.

वयाची ही अट सगळीकडे असते असे मात्र नाही. ब्राझील हा आपल्यासारखाच पोर्तुगीजांची राजवट भोगलेला देश. तिथे पाम्पुल्या इथे वास्तुविशारद ऑस्कर निमायरने 1943 मध्ये काँक्रिटच्या कमानींचे एक चर्च बांधले, आणि चित्रकार कांदिदो पोर्तिनारीने त्याची मागची भिंत निळ्या-पांढऱ्या फरशांनी सेंट फ्रान्सिसच्या कथेने भरून टाकली. आर्चबिशपांना ते चर्च इतके विचित्र वाटले की 1959 पर्यंत त्यांनी त्याचे पवित्रीकरण होऊ दिले नाही. पण 1947 मध्येच, म्हणजे इमारत जेमतेम चार वर्षांची असताना, तिथल्या वारसा खात्याने ते राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंदवले होते. रिओतली शिक्षण मंत्रालयाची इमारत 1945 मध्ये पुरी झाली आणि 1948 मध्ये यादीत आली. ब्राझिलिया शहराचे उद्घाटन 1960 चे. 1987 मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होते. चांगले काम चांगले म्हणून ओळखायला या लोकांनी ते मोडकळीस येण्याची वाट पाहिली नाही.

रिओच्या त्या इमारतीचा गोव्याशी एक धागा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तिच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत पोर्तिनारीच्याच फरशांची भिंत आहे; शंख आणि समुद्रघोडे, सगळे निळ्या रंगात. अझुलेजोची, म्हणजे रंगवलेल्या फरशांची, ही कला पोर्तुगीजांनी तिकडे नेली, तशी आपल्याकडेही आणली. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोने 1935 मध्ये केलेल्या फरशा आहेत. त्यांवर वास्को द गामाच्या सफरीवरच्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग आहेत. चित्र म्हणून काम उत्तम आहे, मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी ते दाखवायला नेले आहे. पण ती राज्यकर्त्याने स्वतःच्या पराक्रमाची भिंतीवर लिहिलेली बखर आहे. दहा वर्षांच्या आत ब्राझीलवाल्यांनी त्याच फरशा घेऊन आपल्या किनाऱ्याचे प्राणी रंगवले, आणि तेही सरकारी कचेरीच्या दारात, जिथून कारकून आणि अर्जदार रोज ये-जा करतात.

गोव्यात सार्वजनिक भिंतीवर गोंयकार यायला कला अकादमी उभी राहावी लागली. तिचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे घराणे बार्देशातल्या मयड्याचे. त्यांनी कांपालवर मांडवीकाठी इमारत बांधली ती बुटकी, रस्त्यावरून आत शिरलात की थेट नदीपर्यंत मोकळी. मधे ना फाटक, ना कोणी ‘काय काम आहे’ विचारणारे. उष्ण दमट हवेत भिंतींपेक्षा सावली जास्त महत्त्वाची, हे त्यांचे आयुष्यभराचे म्हणणे होते. आपल्या घरांचा बलकांव, म्हणजे दारापुढची छपराखालची बैठक, म्हणजे दुसरे काय? आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. तिथे बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या रेषांतून जुन्या गोव्याचे नाट्यगृह उभे केलेले आहे, सज्जे आणि सज्ज्यांत बसलेले प्रेक्षक. आपण नाटक पाहायला बसलो की तेही बसलेले असतात. स्पर्धेच्या प्रयोगाला खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असल्या तरी हौशी नटाला घर भरल्यासारखे वाटते, हे मी विंगेत उभा राहून अनुभवले आहे. (रंगमंचावर दिवे लागल्यावर नट कोणत्या प्रेक्षकांकडे बघून बोलतो, हे विचारू नका.) बाहेरच्या पडवीतही प्रत्यक्षात नसलेल्या वास्तूंचा भास भिंतींवर रंगवलेला आहे. हे सगळे काढून टाका आणि उरलेल्या इमारतीला कला अकादमी म्हणा; म्हणता येणार नाही. इमारत आणि चित्र एकाच मनातून आलेले काम आहे.

ताळगावच्या पठारावरचे गोवा विद्यापीठ तर एका चित्रकाराने आखलेले आहे. सतीश गुजरालांनी वास्तुकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. लहानपणीच त्यांची ऐकण्याची शक्ती गेली होती. 1952 मध्ये ते शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले आणि तिथले भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा व सिकेरोस यांच्याकडे भित्तिचित्रण शिकले. मेक्सिकोत क्रांतीनंतर, 1920 च्या दशकात, सरकारनेच सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या होत्या, कारण बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते आणि देशाचा इतिहास त्यांना सांगायचा होता. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयावर हुआन ओ’गोर्मनने चारही बाजूंनी दगडी मोझाइक केले, सुमारे 4000 चौरस मीटर. रंगाने काम केले असते तर ऊन-पावसाने ते टिकले नसते, म्हणून त्याने मेक्सिकोभर फिरून वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांचे दगड गोळा केले. हे शहाणपण कोरियांनाही होते. त्यांनीच आखलेल्या दिल्लीच्या ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीवर ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिनने वडाची सावली केली आहे ती पांढऱ्या संगमरवरात आणि काळ्या कडप्प्यात. कला अकादमीतली चित्रे मात्र रंगांची, म्हणून जास्त नाजूक.

आता खरी अडचण सांगतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मांडवीच्या मुखावर खारा वारा बारमाही. मीठ काँक्रिटमधून आत झिरपते, सळी गंजते, गंजलेली सळी फुगून वरचे काँक्रिट फोडते. सपाट स्लॅबला पाण्याचा निचरा नीट नसेल तर हे आणखी वेगाने होते. भिंतीला ओल आली की लोणा (मिठाचा पांढरा थर) धरतो, गिलावा सुटतो, आणि त्याबरोबर चित्रही. दुरुस्ती अटळच होती, याबद्दल माझा काही वाद नाही. पण दुरुस्तीच्या इस्टिमेटमध्ये भिंत चौरस मीटरमध्ये मोजली जाते. खरवडणे, पुट्टी, प्रायमर, प्लास्टिक पेंटचे दोन हात, इतके चौरस मीटर, इतका दर. त्या भिंतीवर चित्र आहे की पानाच्या पिचकाऱ्या, हे मापात दिसत नाही. रंगाऱ्याचा त्यात दोष नाही, त्याला भिंतच दिलेली असते. वर तो प्लास्टिक पेंट ओल आतच कोंडून ठेवतो, त्यामुळे शेजारच्या चित्राचीही वाट लागते.

आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीच्या जिन्यात शेतकरी आणि खाणकामगारांचे एक चित्र होते. सिमेंटच्या उठावात केलेले, कोणा स्थानिक कलाशिक्षकाचे. फार थोर नव्हते, प्रमाणे जरा चुकलेली होती. एका मार्चअखेरीस, निधी परत जाऊ नये म्हणून, सगळा जिना फिक्कट गुलाबी झाला. उठावाचे उंचवटे अजून हाताला लागतात. मी विचारायला गेलो तेव्हा साहेबांनी फाइल काढून दाखवली. फाइलीत चित्राचा उल्लेखच नव्हता. जे कागदावर नाही ते कोणी पुसले, असे कोणाला विचारणार?

विसाव्या शतकातली प्रत्येक सरकारी इमारत जपा, असे मी म्हणत नाही. आपल्या बऱ्याचशा कचेऱ्या कुरूप आहेत, त्या गेल्या तर मी नारळ फोडीन. काही प्रसिद्ध वास्तुविशारदांची कामेही फसलेली आहेत. पण कोणती ठेवायची आणि कोणती नाही हे ठरवायला आधी काय काय आहे ते माहीत हवे. चंदीगडची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या कचेऱ्यांतल्या, शहराच्या वास्तुविशारदांपैकी एक असलेल्या पिएर जानरेने आखलेल्या खुर्च्या मोडीत निघाल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या, आणि मग परदेशी लिलावांत लाखांच्या बोली लागल्यावर आपल्याला जाग आली. तिथल्या कॅपिटॉल संकुलाचे नाव युनेस्कोच्या यादीत लागले ते 2016 मध्ये.

राज्याने स्वतःची यादी करायला केंद्राचा कायदा आड येत नाही. पणजीत आल्तिन्होवर कला महाविद्यालय आणि वास्तुकला महाविद्यालय एकाच टेकडीवर आहेत. दोन्हींच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बारा तालुके वाटून दिले तर एका शैक्षणिक वर्षात पहिली नोंद तयार होईल: सरकारी इमारती, नाट्यगृहे, बाजार, बँका, शाळा, देवस्थानांच्या धर्मशाळा आणि चर्चच्या नव्या इमारतीसुद्धा; त्यांतली भित्तिचित्रे, उठावशिल्पे, मोझाइक, पुतळे; कोणी केले, कशात केले, आज स्थिती काय. पत्रलेखक महाशयांनी नावे घेतलेल्या देवळांनाही यात लाभ आहे, कारण सभामंडपांची गेल्या साठ-सत्तर वर्षांतली रंगकामे त्याच पुट्टीखाली चालली आहेत.

ही यादी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या (साबांखा) हाती गेली की निविदेत एक अट घालता येईल: यादीतल्या भिंतीला हात लावण्यापूर्वी चित्रसंवर्धकाचा लेखी अहवाल आणि आधीची छायाचित्रे, काम झाल्यावर मूळ किती राहिले आणि नवे किती रंगवले याचा जाहीर अहवाल. कला अकादमीतल्या मारिओंच्या चित्रांपासूनच असा अहवाल प्रसिद्ध करायला सुरुवात करावी. लोकांचा पैसा खर्च झाला आहे, लोकांना वाचायला मिळू दे.

आणि एक काम उद्याही होऊ शकते. प्रत्येक कलाकृतीखाली तिच्या कर्त्याचे नाव आणि साल मराठीत आणि कोकणीत लिहिलेली एक पाटी. आबे फारियाच्या पुतळ्यासमोर पर्यटक फोटो काढतात, त्यांना कोणी विचारले की हा कोणी केला, तर शेजारचा पणजीकरही गप्प बसतो. मडकईच्या कामतांपासून सुरुवात करा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, डिचोली