कचरावेचकांना दारातून हटवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील आमच्या भागात काही गृहनिर्माण सोसायट्यांनी घरोघरी जाऊन कचरा घेणाऱ्या कचरावेचक महिलांचे काम थांबवून ते खासगी ठेकेदारांकडे सोपवले आहे. सभेत असे ठराव मंजूर होताना कारणे दिली जातात ती साधीच असतात: दारोदार येणारी बाई कधी सुट्टी घेते, दरमहा प्रत्येक घराकडून पैसे गोळा करावे लागतात, पार्किंगच्या कोपऱ्यात ती कचरा निवडत बसते ते चांगले दिसत नाही. ठेकेदाराचा टेम्पो आला की पंधरा मिनिटांत आवार मोकळे होते, हे खरे आहे. पण शेजारच्या एका सोसायटीत रहिवाशांनी दोन डब्यांत नीट वेगळा ठेवलेला ओला आणि सुका कचरा टेम्पोच्या एकाच हौद्यात ओतला जाताना मी वारंवार पाहतो, आणि म्हणून या प्रश्नाकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधावेसे वाटते.

टेम्पोत एकदा डाळभात, चहाचा चोथा आणि पुठ्ठा एकत्र झाला की त्या पुठ्ठ्याला भंगारात कोणी हात लावत नाही. पुनर्वापर होतो की नाही, हे दूरच्या प्रक्रिया प्रकल्पात ठरण्याच्या कितीतरी आधी आपल्या जिन्यात ठरलेले असते. कचरावेचक ताई ज्या कोपऱ्यात बसतात तिथे दहा मिनिटे थांबून पाहावे. वर्तमानपत्राची रद्दी एका पोत्यात, पुठ्ठा घड्या घालून दुसऱ्यात, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या दाबून वेगळ्या, शाम्पूच्या डब्यांसारखे कडक प्लास्टिक वेगळे, काच आणि पत्रा आणखी वेगळा. दुधाची पिशवी न धुता टाकली असेल तर तिचा भाव उतरतो, पावसात कागद भिजला तर तोही उतरतो. हे ज्ञान कोणत्याही यंत्रात नाही, ते त्या हातांत आहे. आणि निवडलेला माल विकून येणारे पैसे तिचेच असल्यामुळे तो नीट निवडण्यात तिचा थेट स्वार्थ आहे. याउलट ज्याला वजनावर किंवा फेऱ्यांवर पैसे मिळतात, त्याने कचरा कमी व्हावा किंवा वेगळा राहावा म्हणून धडपड का करावी?

ही व्यवस्था कोणाच्या दयेवर उभी राहिलेली नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरावेचकांना कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी तिने दीर्घ लढा दिला. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरांकडून सेवाशुल्क आणि सुक्या मालावर हक्क, असे या कामाचे सूत्र आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही घरातच कचऱ्याचे वर्गीकरण करणे बंधनकारक केले आणि कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पुण्यात जे आधीच उभे आहे तेच मोडून आपण काय मिळवणार आहोत, हा प्रश्न सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

मिसळलेला कचरा शेवटी कुठे जातो, याची आठवण तर या उपनगराला असायलाच हवी. शहराचा कचरा एके काळी कोथरूडच्या डेपोवर पडत असे. आज तिथे मेट्रोचा डेपो आहे आणि परिसरात घरांच्या किमती गगनाला भिडल्या आहेत. तो कचरा पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊ लागला, तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवून वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. आपल्या दारातला त्रास दुसऱ्याच्या शेताजवळ नेऊन टाकणे म्हणजे कचरा व्यवस्थापन नव्हे, असे मला मनापासून वाटते.

कचरावेचकांच्या कामातही अडचणी आहेत. खाडा झाला की बदली माणूस वेळेवर मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे आणि तिची सोय संस्थेने व महापालिकेने मिळून करायला हवी. चिप्स आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना भंगारात जवळजवळ गिऱ्हाईक नाही. ती वेचण्याचे कष्ट मात्र त्याच महिलेचे. प्लास्टिकच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम अस्तित्वात आहेत, तेव्हा असा बिनभावाचा माल गोळा करण्याची मजुरी उत्पादकांकडून वसूल होऊन कचरावेचकाच्या हाती पडली पाहिजे. सॅनिटरी पॅड आणि डायपर यांचा विषय तर आपण सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी फारच हलक्यात घेतला आहे. ते वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढावा, एवढीच विनंती या महिला कित्येक वर्षे करीत आहेत. तो ठिपका नसला की पुडी उघडून पाहावी लागते, आणि उघडणाऱ्या हातात अनेकदा मोजाही नसतो.

तेव्हा माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक मोठ्या सोसायटीने कचरा निवडण्यासाठी छप्पर असलेली, पाण्याचा नळ आणि दिवा असलेली जागा द्यावी. बांधकामाच्या नकाशात क्लब हाउस आणि जिम बसते, तर दहा बाय दहाची ही जागाही बसेल. ज्या ठिकाणी ढकलगाड्या रिकाम्या होतात, तिथल्या महापालिकेच्या प्रत्येक गाडीत ओल्या आणि सुक्यासाठी स्वतंत्र कप्पे असावेत, म्हणजे घरात वेगळा केलेला कचरा शेवटपर्यंत वेगळाच राहील. आणि ज्या सोसायट्यांनी ठेकेदार नेमला आहे, त्यांनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांपुढे एवढी एकच माहिती ठेवावी: आपला सुका कचरा टेम्पोतून नेमका कुठे उतरतो, आणि त्यातला किती पुढे कारखान्यापर्यंत पोहोचतो.

आपला,
एक रहिवासी, पुणे