तो मासा असेला नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘स्नो ट्राउट’वरचा लेख वाचला. मजकूर चांगला होता. फोटो मात्र चक्क रेनबो ट्राउटचा! कुशीला गुलाबी पट्टा, पाठीवर शेपटीच्या अलीकडे बोटाच्या पेराएवढा मांसल पर. असेल्याला, म्हणजे स्नो ट्राउटला, हा पर नसतोच. नावात ट्राउट असलं तरी तो रोहू-कटल्याच्या गोतातला. तोंड खालच्या अंगाला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. उद्या बांगड्याच्या फोटोखाली ‘शेंगटी’ छापाल, तेही आम्ही कोकणातल्यांनी गिळायचं का?

मला एवढं झोंबायचं कारण आहे. २०१७ साली आम्ही दोघं काश्मीरला गेलो होतो. मट्टणच्या देवळाच्या कुंडात असेल्याचे भाऊबंद पाहिले. काळसर पाठी, कणकेची गोळी पडली की एकच झुंबड. हिला लगेच आपला महाडजवळचा वाळणकोंड आठवला. तिथले खडस मासे वरदायिनी देवीचे, इथले मार्तंडाचे, म्हणजे सूर्यदेवाचे. हात कुणी लावायचा नाही. संध्याकाळी हॉटेलच्या यादीत ‘स्नो ट्राउट’ दिसला आणि मी मागवला. ताटात आला तो तुमच्या फोटोतलाच, मत्स्यशेतीत वाढवलेला. वेटरला तो पर दाखवला, तर म्हणतो, “साब, सब एक ही है.” साडेआठशे रुपये मोजले. ही अजून ऐकवते, “सकाळी ज्याला हात जोडलेत, तोच रात्री मागवलात. देवानेच वाचवलं.”

साहेबाने गळ टाकायच्या हौसेपायी १९०० साली स्कॉटलंडची अंडी आणून काश्मिरात तपकिरी ट्राउट वाढवला. रेनबो त्याच्या मागून आला. या पाहुण्यांनी मूळच्या माशांची जागा बळकावली, हे तुमच्याच लेखात आहे. मग बातमी हुसकावलेल्याची आणि फोटो घुसलेल्याचा, ही काय रीत झाली?

जाता जाता एक. वलगणीला पोटात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे आमच्याकडे पहिल्याच पावसात टोपल्या भरभरून मारतात, यावर मी जूनमध्ये पत्र पाठवलं होतं. ते काही छापून आलं नाही. हिमालयातल्या माशाला अर्धं पान, महाडच्या माशाला चार ओळी नाहीत! पत्र हरवलं असेल तर पुन्हा पाठवतो. सोबत फोटो आहे, आणि फोटोत मासाही तोच आहे.

आपला,
एक जुना वाचक, महाड