सातबारा तारण ठेवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची नवी टर्मिनल इमारत मार्च 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून 'पायलटला लई स्कोप आहे' हे वरचेवर कानावर पडतं. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी हयात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक कागद घेऊन घरी येतात. परवा कागलकडचे एक पाहुणे सातबारा घेऊनच आले. मुलगी बारावी सायन्सला, तिला पायलट करायचं.

सोबत एका प्रशिक्षण संस्थेचं चकचकीत माहितीपत्रक होतं. 'इंडिगो 500, एअर इंडिया 470 विमानं घेणार!' आकडे खरे आहेत, 2023 च्या ऑर्डरचे. पण इंडिगोची ती 500 विमानं 2030 ते 2035 दरम्यान यायची आहेत, हे पत्रकात कुठंच नाही. कर्जाचा हप्ता काही तोवर थांबायचा नाही.

"डिसेंबरात एवढी विमानं रद्द झाली, म्हणजे पायलट कमीच आहेत की," पाहुणे म्हणाले. इंडिगोच्या 2025 च्या त्या गोंधळामागे वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम होते. आठवड्याची सुट्टी 36 वरून 48 तासांवर गेली, रात्रीची लँडिंग कमी करावी लागली आणि कंपनीची तयारी तोकडी पडली. अशा वेळी लागतो तो तयार वैमानिक. 200 तास उडून कमर्शियल परवाना मिळवलेल्या पोराला टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण, करावं लागतं, त्याचे लाखो रुपये वेगळे. कॅप्टनच्या खुर्चीसाठी लागणाऱ्या परवान्याला किमान 1500 तास हवेत. त्यात 2019 ला जेट एअरवेज आणि 2023 ला गो फर्स्ट या विमान कंपन्या बंद पडल्या, तेव्हा अनुभवी वैमानिकच नोकरी शोधत बाहेर पडले. त्यांच्यापुढे नवख्याला कोण विचारणार?

मी नको म्हटलं नाही. पोरगी हुशार आहे, विमानवाहतूक वाढतेय हेही खोटं नाही. फक्त फी भरण्याआधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) वैमानिकांसाठीची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या, म्हटलं. डोळ्यांत किंवा कानांत काही निघालं तर जमीन तरी वाचेल. आणि संस्थेला विचारा, प्रत्यक्ष उडणारी विमानं किती, 200 तास पुरे व्हायला मुलांना किती महिने लागले, मागच्या तुकडीतले किती जण आज नोकरीत आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पाहुण्यांना फोनवर मिळालं नाही.

आपल्या दैनिकानं नोकरीतल्या तरुण वैमानिकांना बोलतं करून हा खर्चाचा आणि वाट पाहण्याचा हिशोब छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर