डोक्यावर ओझे देण्याआधी एक प्रश्न विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की आमच्या धारूर, वडवणी, शिरूर कासार या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, आणि उन्हाळा लागला की गावात राहिलेल्या बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. उसाची मोळी काय आणि पाण्याचा हंडा काय, डोक्यावर वजन वाहणे आपल्याकडे इतके नित्याचे आहे की ते कोणाच्या मानेला सोसेल आणि कोणाच्या नाही, हे विचारण्याची आपल्याला सवयच उरलेली नाही. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी लिहीत आहे.

मला जन्मतः ‘किआरी मालफॉर्मेशन’ नावाचा दोष आहे. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रातून मज्जारज्जू खाली पाठीच्या कण्यात उतरतो. माझ्यासारख्यांच्या कवटीच्या मागच्या भागात जागा अपुरी असल्यामुळे लहान मेंदूचे टोकही त्याच छिद्रातून मानेत सरकलेले असते. हान्स किआरी या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी 1891 साली याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. एमआरआयमध्ये हे टोक साधारण 5 मिलिमीटर किंवा त्याहून खाली आलेले दिसले, तर डॉक्टर हे निदान करतात. मात्र केवळ मिलिमीटरवरून त्रास ठरत नाही. अनेकांना आयुष्यभर काहीही होत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत हा दोष अचानक कळतो, आणि अशांना सहसा शस्त्रक्रियाही लागत नाही. म्हणून ज्यांच्या रिपोर्टवर हे नाव आले आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये.

मला मात्र त्रास होता. खोकला आला, शिंक आली, पोट धरून हसले किंवा वाकून हंडा उचलला की मानेच्या वरून, डोक्याच्या मागून अशी कळ उठे की डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि थोड्याच वेळात ती ओसरे. नऊ वर्षे मी कधी पित्ताच्या, कधी अर्धशिशीच्या गोळ्या घेतल्या, दोनदा चष्मा बदलला. पुढे भाकरी थापताना उजव्या हाताची बोटे तव्याला भाजू लागली आणि मला ते फोड दिसल्यावरच कळू लागले. घरातली माणसे कौतुकाने म्हणत, हिचे हात कामाला सरावले आहेत. खरे कारण असे होते की मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार झाली होती. अशा पोकळीमुळे वेदना आणि उष्णता यांची जाणीव हरवते, पण स्पर्श पुष्कळदा शाबूत राहतो, म्हणून माणसाला आपले काही बिघडले आहे हे उमगत नाही.

याच काळात कोणीतरी सुचवल्यावरून मी मान मोडून घेतली. झटका देऊन कडकन आवाज काढणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि दाढी-कटिंगनंतर मान वाजवून घेण्याची पुरुषांची सवय तर सर्वांच्या परिचयाची आहे. त्यानंतर तीन दिवस मला भिंतीला धरून चालावे लागले. अखेर मोठ्या शहरात एमआरआय झाला आणि शस्त्रक्रिया करून कवटीच्या मागचे थोडे हाड व मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढून मेंदूला जागा करून देण्यात आली. कळ थांबली. बोटांची जाणीव पूर्ण परतली नाही, त्यामुळे चुलीजवळ मी आजही आधी डोळ्यांनी पाहते आणि मग हात घालते.

आता आम्ही घरी काही गोष्टी पाळतो. डोक्यावर वजन नाही, मानेला झटका नाही, शीर्षासन नाही, जत्रेतले गरगर फिरणारे पाळणे नाहीत. खोकला अंगावर काढायचा नाही आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही, कारण कुंथण्यानेही डोक्यातला दाब वाढतो. चालणे, शिकवणे, स्वयंपाक हे सारे चालू आहे. गिळताना ठसका लागू लागला, आवाज बसला, झोपेत श्वास अडखळू लागला, हाताची पकड ढिली पडली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर वाट न पाहता न्यूरोसर्जनकडे जायचे, हे घरातल्या लहान मुलांनाही पाठ आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कमरेतल्या सुईची. बाळंतपणात किंवा साध्या शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी कमरेत सुई दिली जाते. तिथून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी झिरपून खालचा दाब कमी झाला, तर आमच्यासारख्यांचा लहान मेंदू आणखी खाली ओढला जाण्याचा धोका असतो. कोणती भूल द्यायची हे भूलतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन मिळून ठरवतील, पण त्यासाठी त्यांना आधी माहिती हवी. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात धावपळीत कोणी विचारले नाही आणि वेणांमध्ये मला सांगायचे सुचले नाही. सासूबाईंनी पिशवीतून फाईल काढून पुढे केली, म्हणून वेळ टळली. आता माझ्या आधार कार्डाच्या मागेच त्या रिपोर्टची प्रत असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाड्या आणि शाळांतून मुलांची तपासणी होते. त्या पथकांना, आशाताईंना आणि टोळी नेणाऱ्या मुकादमांना माझी विनंती आहे की त्यांनी एवढेच विचारावे : खोकताना किंवा वजन उचलताना डोक्याच्या मागे कळ येते का? भाजलेले कळत नाही का? मुलांच्या बाबतीत पाठीचा कणा एका बाजूला झुकलेला दिसला, तर त्यामागेही कधीकधी हेच कारण असते. उत्तर ‘हो’ आले, तर त्या व्यक्तीची तपासणी होईपर्यंत तिच्या डोक्यावर हंडा किंवा मोळी देऊ नये. टोळ्या निघण्याआधी हे पत्र छापले गेले, तर मी आपली ऋणी राहीन.

आपली नम्र,
एक शिक्षिका, ता. धारूर, जि. बीड
(नाव-पत्ता सोबत कळवला आहे, तो प्रसिद्ध करू नये ही विनंती.)